तुझा समुद्र आणि आमचा मारुती

शैला,

हे मी आपल्या घरात बसून लिहीत नाही, आपल्या घराच्या डोक्यावर बसून लिहिते आहे. वरच्या मजल्यावर रझियाभाभींनी मला आणि तुझ्या दादाला एक खोली रिकामी करून दिली आहे. खाली आपलं घर दारं-खिडक्या उघडी टाकून वाळत पडलंय. भिंतींवर गुडघ्याच्या जरा वर चिखलाची एक सरळ रेघ आहे, सुताराने दोरी धरून मारावी तशी. तू असतीस तर आधी टेप शोधला असतास, रेघ मोजली असतीस आणि मग दादाला म्हणाली असतीस, "आता काय म्हणणं आहे?"

तुला हे म्हणायची संधी मिळाली नाही, याचं मला फार वाईट वाटतं. तू गेलीस ती चैत्रात, तिकडे हॉलंडमध्ये, समुद्राच्या पातळीखालच्या तुझ्या त्या गावात. छातीत कळ आली आणि दवाखाना गाठायच्या आत संपलं. आम्ही तुला निरोप दिला तो मोबाइलवर. दादाने फोन पाटावर उभा करून मागे तांब्या लावला होता, आणि चित्र मधेच अडकलं की तो हात जोडून तसाच थांबायचा. बाहेर ऊन मी म्हणत होतं. तुझ्या खिडकीबाहेर बारीक पाऊस पडताना दिसत होता. शेवटच्या दिवशीसुद्धा आपली हवा जुळली नाही.

मी नामपूरची. लग्न होऊन या घरात आले तेव्हा नदी म्हणजे वाळू आणि कधीमधी पाणी, एवढीच माझी समज होती. आमची मोसम नदी पाहुण्यासारखी यायची, दोन दिवस राहायची, निघून जायची. तू कॉलेजात होतीस. मला चिडवायला माझ्याच माहेरची बोली वापरायचीस. सकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून "कशी शेस, वहिनी?" असं विचारायचीस आणि सासूबाई रागावल्या की पळायचीस. त्या पहिल्याच पावसाळ्यात तू मला पूर बघायला नेलंस. मला वाटलं होतं, पुरापासून माणसं लांब पळत असतील. इथे तर अख्खं नाशिक भजी खात पुलावर उभं.

"तो बघ," तू म्हणालीस. नदीच्या पात्रात शेंदरी रंगाचा भलामोठा दुतोंड्या मारुती उभा होता आणि गढूळ पाणी त्याच्या मांड्यांना घासून चाललं होतं. "हे आमचं माप. गुडघ्याला लागलं की काठावरचे टपरीवाले माल आवरतात. कंबरेला लागलं की भांडीबाजारात धावपळ. छातीला लागलं की सराफ दुकानं रिकामी करतात."

"आणि आपल्याकडे?" मी विचारलं.

"आपल्याकडे कधीच नाही. बाबा म्हणतात, मारुती बुडाला तरी आपली पायरी कोरडी."

हे तूच मला शिकवलंस, बरं का. पुढे ज्या वाक्याशी तू उभा जन्म भांडलीस, ते मी पहिल्यांदा तुझ्याच तोंडून ऐकलं. आणि ते खरंही होतं. मामंजींनी आणि वरच्या शेखसाहेबांनी मिळून गंगापूर रोडच्या खाली, नदीच्या अंगाला हा प्लॉट घेतला, तेव्हा मागे सगळी पेरूची बाग होती. खालचा मजला आपला, वरचा त्यांचा. बाजूने नाला वाहायचा, त्यात आपण उन्हाळ्यात गोधड्या धुतल्या आहेत. एका वर्षी तर मारुतीचं डोकंही दिसेनासं झालं, रात्रभर लोक गच्च्यांवर बसले, आणि सकाळी आपल्या पायरीवर मांजर कोरड्या अंगाने झोपलेलं होतं. तेव्हापासून तुझ्या दादाला ते वाक्य म्हणजे मामंजींनी मागे ठेवलेली इस्टेटच वाटते.

मग तुझं लग्न झालं आणि तू त्या सपाट देशात गेलीस. पहिल्या फोनवर तू समुद्राबद्दल काही बोललीच नाहीस. म्हणालीस, "वहिनी, इथे डोंगरच नाही गं. खिडकीतून पाहिलं की नजर अडतच नाही, घसरत जाते नुसती." तुला पांडवलेणीचा डोंगर हवा होता. अंजनेरी हवा होता. त्याच्या मागे मावळणारा सूर्य हवा होता आणि तिकडे उन्हाळ्यात रात्रीच्या जेवणानंतरही तो आकाशात लोंबकळत बसायचा. हिवाळ्यात दुपारच्या चहालाच अंधार. तू म्हणायचीस, "इथे पावसाळा नाही. पाऊस आहे, पण पावसाळा नाही." दळण चाळावं तसा बारीक, रोजचा, कंटाळवाणा पाऊस. त्याची वाट बघावी लागत नाही म्हणून त्याचं कौतुकही नाही. मी तेव्हा सुरगाण्याला शिक्षिका होते. तिथे चार महिने छपराचा आवाज थांबायचा नाही, पोरं भिजलेल्या पाट्या घेऊन यायची, भाताची खाचरं भरून वाहायची, आणि होळी झाली की त्याच गावच्या बाया नदीच्या वाळूत वाटीने पाणी खरवडत बसायच्या. तुला हे फोनवर सांगितलं, ते तू ऐकून घेतलंस. मग म्हणालीस, "आमच्याकडे पाणी बाहेर काढता काढता नाकीनऊ येतात, आणि तुमच्याकडे थांबवून धरता येत नाही."

तुमच्याकडे, आमच्याकडे. कधीपासून म्हणायला लागलीस, ते मला नेमकं आठवत नाही. ऐकलं तेव्हा टोचलं होतं, एवढं आठवतं.

निवृत्त झाल्यावर मी तुझ्याकडे आले. विमानतळावरून येताना मी खिडकीबाहेर बघत होते आणि एक बोट आपल्या डोक्यावरून गेली. मी तुझा हात घट्ट धरला. तू हसलीस. "रस्ता खाली आहे, वहिनी, कालवा वर आहे." मला आजही ते नीट उमजलेलं नाही. गवताचा एक लांबच लांब बांध, त्यावर मेंढ्या चरतायत, त्याच्या पलीकडे पाणी आणि अलीकडे, पाण्याच्या पातळीच्या खाली, माणसांची घरं, फुलांच्या कुंड्या, सायकली. तुमच्या खिडक्यांना पडदेही नाहीत. मी पहिल्या दिवशी तुझ्या स्वयंपाकघरात उभी राहून विचार करत होते की समुद्र आत्ता माझ्या कमरेच्या वर आहे की डोक्याच्या.

आणि मग त्या सोमवारी दुपारी भोंगा वाजला. सगळ्या गावभर, लांबलचक. मी पासपोर्टची पिशवी उचलून दारात आले. तू कॉफीत साखर ढवळत बसली होतीस. "चाचणी आहे. दर महिन्याला पहिल्या सोमवारी वाजवतात, चालतोय की नाही बघायला." मी पिशवी मांडीवर घेऊन खाली बसले. तू मला पाणी दिलंस आणि ते बोललीस, जे मी आता रोज आठवते आहे.

मी विचारलं होतं, "इथे तुला झोप कशी लागते गं?"

तू म्हणालीस, "इथेच लागते. इथे सगळ्यांना भीती वाटते, म्हणून मला झोप लागते. नाशिकला कुणालाच वाटत नाही, म्हणून मी तिथे आले की जागी असते."

मला राग आला. आपल्या माणसांना बाहेरून आलेल्याने नावं ठेवली की येतो तसा. मी म्हटलं, "आम्ही पाणी घरात यावं म्हणून पाणीपट्टी भरतो, तुम्ही पाणी घराबाहेर राहावं म्हणून भरता. दोघांत शहाणं कोण?" तू म्हणालीस, "ज्याचं घर कोरडं तो." आणि आपण दोघी हसलो. ते हसणं मला आता नको वाटतं.

त्यानंतर तू यायचीस तेव्हा घराच्या मागे जाऊन उभी राहायचीस. बाग गेली होती, इमारती आल्या होत्या, नदीला दोन्ही बाजूंनी दगडी भिंती घातल्या होत्या. बागेतलं एकच पेरूचं झाड आपल्या कंपाउंडात उरलं होतं. नाला दिसेनासा झाला होता, तो रस्त्याखालच्या पाइपात घातला होता आणि त्यावर लोक गाड्या लावायचे. मागच्या दिवाळीत तू फराळाचं ताट हातात घेऊन त्या पाइपाच्या तोंडापर्यंत गेलीस, वाकून पाहिलंस आणि चकलीचा तुकडा तोंडात तसाच ठेवून परत आलीस.

"दादा, त्या पाइपाला झडप नाही."

"कसली झडप?"

"नदी चढली की पाणी उलटं पाइपातून आत येईल. गल्लीत. मागून. आमच्याकडे असल्या प्रत्येक तोंडाला दार असतं, बाहेरचं पाणी दाबायला लागलं की आपोआप बंद होणारं."

"आल्या डच बाई," दादा म्हणाला. "आयुष्य गेलं इथे, शैले. मारुती बुडाला तरी..."

"मारुती आहे तिथेच आहे, दादा, पण नदी तिथे नाही राहिली. इथे मागे तुम्ही तिला भिंतींत दाबलीत. पूर्वी बागेत पसरायची, आता कुठे जाईल? तिकडे मारुतीच्या कंबरेला असेल तेव्हा इथे काय असेल, हे मारुतीला विचारून कसं कळणार?"

तुझा दादा लाडू खात राहिला. मी मधे पडले आणि म्हटलं, सणासुदीला हे काय काढलंय. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात, तसं आपण वर्षानुवर्षं करत होतो. घर इथे आणि माप तिकडे. पण हे मला आता सुचतंय. तेव्हा मी फक्त तुझ्या ताटात अजून एक करंजी वाढली.

उन्हाळ्यात तुझा फोन यायचा तेव्हा मात्र तुझा आवाज वेगळा असायचा. अलीकडच्या एका उन्हाळ्यात तर तू मला विचारलंस की वाळ्याचे पडदे कसे बांधतात. मी म्हटलं, तू हॉलंडात आणि वाळा? तू म्हणालीस की घर तव्यासारखं तापलंय, म्हातारी माणसं अंगावर ओले टॉवेल घेऊन बसली आहेत, बांधावरचं गवत पिवळं पडलंय आणि बांध कोरडा पडून भेगाळला की त्यातून पाणी वाट काढतं म्हणून माणसं रोज बांधावरून चालत भेगा शोधत आहेत. त्याच वर्षी इकडे निफाडच्या द्राक्षांवर गारा पडल्या होत्या, थंडीच्या दिवसांत पंखे लावायची वेळ आली होती. तू म्हणालीस, "वहिनी, दोन्ही देश आपापली जागा सोडून निघालेत बहुतेक." मी विषय बदलला. मला असल्या बोलण्याने अस्वस्थ व्हायला होतं. तुझ्या शेवटच्या फोनवरही तू तेच काढलंस, झडप, पाइप, दादा. मी म्हटलं, "दिवाळीला ये आणि तूच सांग, तुझं ऐकतो तो." तू म्हणालीस, "ऐकतो कुठे? लाड करतो." त्यानंतर आपण दोडक्याच्या शिरांच्या चटणीबद्दल बोललो. एवढंच.

आषाढ लागता लागता तुझी मीरा तुझ्या अस्थी घेऊन आली. पोरगी तुझ्यासारखीच उभी राहते, एका पायावर भार टाकून. तिकडच्यांनी तुला चहाच्या डब्यासारख्या एका डब्यात घालून दिलं होतं, आणि सोबत एक छोटा दगड होता, त्यावर आकडे कोरलेले. मीराने समजावून सांगितलं, "मामी, हा दगड शेवटपर्यंत माणसाच्या बरोबर ठेवतात. राख बदलू नये म्हणून." दादाने तो हातात घेतला, बराच वेळ फिरवून पाहिला. "आपल्याकडेही असतो," तो म्हणाला, "दहा दिवस जपतात." इतक्या वर्षांत तुझ्या त्या देशाबद्दल तो पहिल्यांदा काही चांगलं बोलला.

अस्थी घरात आणायच्या नसतात. मीराला हे चमत्कारिक वाटलं. इतक्या लांबून आईला आणलं आणि उंबऱ्याच्या आत नाही? पण तुझा दादा अशा बाबतीत कसा आहे तुला माहीत आहे. त्याने पांढऱ्या मांजरपाटात तुला बांधलं, दगडही आत ठेवला, आणि मागच्या पेरूच्या फांदीला गाठ मारली. त्याचे गुडघे दुखतात, वर चढवत नाही, म्हणून आपल्याच छातीच्या उंचीवर बांधली. "लहानपणी याच झाडावर चढून बसायची," असं मीराला म्हणाला आणि आत जाऊन नळ सोडून तोंड धूत राहिला.

दुसऱ्या दिवशी विसर्जनासाठी रामकुंडावर जायचं ठरलं होतं. पण वर त्र्यंबकला पाऊस धरला होता, धरणातून पाणी सोडलं होतं. गुरुजींचा फोन आला, "कुंडच दिसत नाहीये, पायऱ्या पाण्याखाली आहेत. उतरू द्या जरा. इतकं थांबलात, अजून चार दिवस." पाणी उतरायचं, पुन्हा चढायचं. मीराची रजा संपली. जायच्या दिवशी ती मागे गेली, तुझ्या गाठोड्याला हात लावून उभी राहिली, मग पाइपाच्या तोंडाशी जाऊन वाकली. परत येऊन म्हणाली, "मामी, इथे पाणी कुठून बाहेर जातं?" मी म्हटलं, "नदीला." ती म्हणाली, "आणि नदी कुठे जाते?" मी तिची बॅग उचलून पुढच्या दाराकडे निघाले.

घोडामैदान जवळच होतं. मीरा गेल्यानंतरच्या आठवड्यात पाऊस सुरू झाला तो थांबेचना. सकाळी महापालिकेची गाडी ओरडत गेली, नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे. तुझा दादा पलंगावर मोबाइल घेऊन बसला होता. आता कुणी पुलावर जात नाही, मारुतीचे फोटो घरबसल्या येतात. "कंबर," तो म्हणाला. "छातीला अजून खूप वेळ आहे. चहा टाक."

मी चहा टाकायला गेले तर मोरीतून आवाज येत होता. कुणी चूळ भरावी तसा. जाळी हलत होती. तिच्यातून एक गोम वर आली, मग दुसरी, मग झुरळांची रांग, सगळी भिंतीने वरच्या दिशेला निघालेली. मी दादाला हाक मारली. त्याने येऊन पाहिलं, जाळीवर पाटा ठेवला आणि पुन्हा पलंगावर जाऊन बसला.

वरून रझियाभाभींनी जिन्यात येऊन मला हाक मारली. "भाभी, तुमच्या मोरीतून पण आवाज येतोय काय? भाईसाब को बोलो, ऊपर आ जाओ. गल्लीत बघा, पाणी मागून येतंय."

मागूनच येत होतं. पुढचा रस्ता नुसता ओला होता आणि मागची गल्ली भरली होती. नाल्याच्या पाइपाच्या तोंडातून पाणी उकळल्यासारखं वर येत होतं, काळं, वासाचं. थोड्या वेळात ते मागच्या पायरीला लागलं. मामंजींच्या त्या पायरीला. मी बघत उभी राहिले आणि ती पायरी नाहीशी झाली.

"अहो, उठा."

"कंबरेलाच आहे अजून," तो म्हणाला. फोन माझ्यापुढे धरला. "हा बघ, आत्ताचा फोटो."

"आपल्या घरात आलंय."

"ते पावसाचं असेल. तुंबलंय. उतरेल."

पाणी उंबरा ओलांडून आलं, फरशीवर पसरलं, पलंगाच्या पायांना लागलं. त्याच्या चपला तरंगत दाराकडे गेल्या. तो मोबाइलकडे बघत बसला होता, मारुतीचा नवा फोटो येण्याची वाट बघत. मी त्याचा हात ओढला तर त्याने सोडवून घेतला. शैला, मी त्या माणसाबरोबर इतकी वर्षं राहिले, पण मी त्याला असं कधी पाहिलं नव्हतं. तो हट्ट नव्हता. त्याला खरंच दिसत नव्हतं. पाणी पिंढऱ्यांच्या वर आलं होतं आणि मला वाटलं, हा इथेच बसून राहणार आणि मी त्याला सोडून जाऊ शकणार नाही, म्हणजे आम्ही दोघंही गेलो.

मग मला तू दिसलीस. स्वयंपाकघराच्या खिडकीतून. पेरूचं झाड अर्धं पाण्यात उभं होतं आणि पांढरं गाठोडं पाण्याच्या वर वीतभर उरलं होतं, हेलकावे खात. मी काही फार विचार करून बोलले नाही. एवढंच म्हणाले, "अहो, शैलापर्यंत आलं."

तो उठला. खिडकीशी आला. त्याने एकदा हातातल्या मारुतीकडे पाहिलं आणि एकदा तुझ्याकडे. "या घाणीत नाही जाऊ द्यायची तिला," असं काहीतरी म्हणाला आणि मागचं दार उघडून पाण्यात उतरला. अंगणात त्याला पोटाच्या वर पाणी लागत होतं. मी दारात चौकटीला धरून त्याच्या सदऱ्याचं टोक पकडून ठेवलं, ते पुरेना तेव्हा माझा पदर त्याच्या मनगटाला बांधला. ओली गाठ सुटेना. शेवटी त्याने फांदीच मोडली. फांदीसकट तुला छातीशी धरून परत आला. ओठ निळे पडले होते. जिना चढताना प्रत्येक पायरीवर थांबत होता आणि मी मागून त्याला ढकलत होते.

वर भाभी दार उघडून उभ्या होत्या. तो उंबऱ्याबाहेरच थांबला. अंगावरून गटाराचं पाणी निथळत होतं, दात वाजत होते, आणि अशा अवस्थेत तो म्हणतो, "अस्थी घरात आणायच्या नसतात, भाभी."

भाभींनी त्याच्याकडे पाहिलं. म्हणाल्या, "ये घर नहीं है भाईसाब, गॅलरी है. तिकडून बाहेरच्या जिन्याने जा, लटका दो उसको. मग आत या. चाय ठंडी होतेय."

तर तू आता भाभींच्या गॅलरीत आहेस, कपडे वाळत घालायच्या दांडीला, मोडलेल्या फांदीसकट. पाणी दुसऱ्या दिवशी उतरलं. चिखल काढायला माणसं आली, गाद्या फेकल्या, फ्रिज फेकला. त्या दिवशी मारुतीच्या छातीला पाणी लागलंच नाही, शैला. कंबरेवरूनच खाली गेलं. गल्लीतले लोक अजून एकमेकांना हे सांगतात, आश्चर्याने, जणू मारुतीनेच फसवलं.

तुझा दादा सकाळी गॅलरीत खुर्ची टाकून तुझ्याखाली बसतो आणि नदीकडे बघतो. मारुतीचे फोटो येतात ते उघडत नाही. मला वाटलं, समजलं याला. पण परवा भिंत कोरडी झाली का बघायला खाली जाऊन आला आणि म्हणाला, "रंग दिला की राहता येईल. शैलाचं विसर्जन झालं की खाली जाऊ. तिला वर एकटीला लटकत ठेवून मी नाही खाली झोपणार." मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्याने मामंजींचं वाक्य पुन्हा उचललेलं होतं. या वेळी फक्त मोठ्याने म्हणाला नाही, एवढाच फरक.

श्रावण अजून अर्धा आहे. गणपती यायचेत. धरण काठोकाठ भरलंय, आता वर पडेल तेवढं सगळं खाली येणार. पाइपाचं तोंड तसंच उघडं आहे, मी रोज वरून बघते. तुझ्याकडचा भोंगा महिन्याच्या पहिल्या सोमवारी वाजत असेल. इथे काहीच वाजत नाही. संध्याकाळी त्र्यंबकच्या बाजूला काळं होतं आणि मी मोरीशी जाऊन कान लावते.

काल गुरुजींचा फोन आला होता. कुंड मोकळं झालंय, पायऱ्या धुऊन झाल्यात, केव्हाही या म्हणाले. फोन मी घेतला. तुझा दादा आंघोळीला गेला होता. मी म्हटलं, "घरात आजारपण आहे, गुरुजी, आम्हीच कळवू." भाभी समोर लसूण सोलत होत्या, त्यांनी ऐकलं आणि मान खाली घालून सोलत राहिल्या. मीराला मात्र खरं सांगितलं. ती म्हणाली, "थांबू दे आईला, मामी. तिला तिथेच आवडेल."

हे पाप असेल तर ते माझ्या डोक्यावर. तुझी वाट मी अडवून धरली आहे. पण तू माझी नणंद आहेस, एवढं तू करशील. दादा बाहेर आला, टॉवेलने डोकं पुसत गॅलरीत गेला आणि गाठोड्याची गाठ नीट आहे की नाही ते बघितलं. मग मला विचारलं, "गुरुजींचा काही फोन?"

"नाही," मी म्हटलं. "कुंडात अजून पाणी फार आहे."

तो खुर्चीत बसला.